रकाना तिसरा : वर्ग

ताई,

सप्रेम नमस्कार. तुझा बसलेला आवाज उठला का? गणिताच्या बाईंचा आवाज बसला की मुलांची चंगळ होते हे मला माहीत आहे, कारण मी तुझ्याकडे दोन उन्हाळे गणित शिकले आहे आणि त्यातला एक तू बोलू शकत नव्हतीस म्हणून फार सुखाचा गेला. मामाचा खोकला गेला असं धरून चालते (गेला नसेल तरी तो 'गेला' असंच सांगेल, म्हणून तुला विचारते आहे, त्याला नाही). इकडे सगळे ठीक. ह्यांचं कार्यालय दुसऱ्या इमारतीत गेलं, त्यामुळे ते आता वीस मिनिटं लवकर निघतात आणि चाळीस मिनिटं उशिरा येतात. ते गणित तुला सुटलं तर कळव. फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात आलं असेल. तर मी फोनवर मुद्द्याला येईपर्यंत तू भाजी निवडायला घेतेस, आणि शेंगा मोडल्याचा आवाज मला इकडे स्पष्ट ऐकू येतो. कागदावर निदान तो येत नाही.

मुद्दा आधी सांगून टाकते. आमच्या ग्रंथालयातर्फे जो परिचयकोश निघतो आहे (मार्क्सवादी सिद्धान्तावर काम करणारे अभ्यासक कोण, कुठून आले, काय शिकले याची एकसष्ट नोंदींची सूची), त्यातली अठ्ठेचाळिसावी नोंद तुझ्या बाबांची आहे, आणि ती गळायच्या बेतात आहे. याला कारण मी आहे. वाईट वागले म्हणून नाही, जरा जास्तच चांगलं वागले म्हणून. (हे वाक्य मी रोजनिशीत तीनदा लिहून तीनदा खोडलं. 'जास्तच चांगलं' म्हणण्यात स्वतःची पाठ थोपटून घेणं आहे का, हे अजून ठरलेलं नाही. सध्यापुरतं राहू दे.)

याची सुरुवात मागच्या आवृत्तीपासून झाली. ती माझ्या आधीच्या बाईंनी केली होती. त्यात एकच अभ्यासक दोनदा आला होता, एकदा आडनावाने आणि एकदा टोपणनावाने, आणि दोन्ही नोंदींत 'यांच्या मतांवर कठोर टीका करणारे' म्हणून एकमेकांचा हवाला दिलेला होता. आणखी एका सद्गृहस्थांना सर्वांनी डॉक्टर म्हणायचं, म्हणून कोशातही डॉक्टर छापलं. त्यांच्या पत्नीचं पत्र आलं, की ते लहानपणी मित्रांची नाडी बघायचे म्हणून पडलेलं ते नाव आहे, कृपया काढावे, लोक औषध मागायला येतात. मी कामावर रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात एक नियम लिहून काढला: ज्याची शैक्षणिक पार्श्वभूमी कागदपत्रांनी पडताळलेली नाही, त्याची नोंद छापू नये. आमच्या संचालकांना तो इतका आवडला की त्यांनी तो भिंतीवर लावला. (संचालकांना आम्ही आपसात तळटीप म्हणतो. महत्त्वाचं असेल ते सगळं ते शेवटी, खाली बघून आणि बारीक आवाजात सांगतात.) त्या वेळी त्या नियमात कोण अडकेल असा विचार माझ्या मनात आला नाही. नियम लिहिणाऱ्याला नियम नेहमी दुसऱ्यांसाठीच दिसतो, हे मी आता रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

मग माहिती गोळा करायला फॉर्म हवा. नवा फॉर्म करायला समिती बसवावी लागते, म्हणून मी कपाटातला जुना प्रवेश अर्ज घेतला आणि त्यातले चार रकाने जसेच्या तसे उचलले: पदवी, विषय, वर्ग, वर्ष. प्रथम वर्ग, द्वितीय वर्ग, जो काय मिळाला असेल तो लिहावा, इतका साधा हेतू. एकसष्ट फॉर्म एकसष्ट पाकिटांत घालून पाठवले. ताई, तुझ्या गणितात वर्ग म्हणजे एखाद्याने स्वतःला स्वतःनेच गुणणं. तो अर्थ मनात ठेवून पुढचं वाच.

आयुष्यभर वर्ग या एका शब्दावर ज्यांनी डोळे फोडले, त्या एकसष्ट माणसांना मी छापील कागदावर विचारलं होतं: तुमचा वर्ग कोणता. चौतीस जणांनी त्याच अर्थाने उत्तर दिलं. एकांनी लिहिलं, कनिष्ठ मध्यम, कंसात आईकडून श्रमिक. एकांनी तीन पुरवण्या जोडून सिद्ध केलं की आजोबा जमीनदार होते हे नावापुरतं, कारण त्या जमिनीत दगड सोडून काही उगवत नसे, आणि दगडांचा नमुना लागल्यास पाठवू. एकांचा वर्ग 'जन्माने उच्च, निवडीने नाही' असा होता, आणि पुढच्या वर्षाच्या रकान्यात त्यांनी वर्ग सोडल्याची तारीख घातली होती, बुधवार होता तो. एका बाईंनी लिहिलं की माझा वर्ग मी लग्नाआधीचा सांगू की नंतरचा, हे फॉर्ममध्ये स्पष्ट नाही, आणि यातच सगळं आलं. एक तरुण संशोधक प्रामाणिकपणे 'दुसरा' एवढंच लिहून मोकळा झाला, तर संचालकांना त्यात गर्भितार्थ दिसला आणि त्यांनी तो कागद दोन दिवस स्वतःकडे ठेवला. प्रश्नातले दोन्ही अर्थ फक्त एका अर्थशास्त्रज्ञांना कळले. त्यांनी उत्तर दिलं, परीक्षेच्या अर्थाने प्रथम, बाकी अर्थाने आपण समजून घ्यालच.

चूक माझी होती, म्हणून मी सगळ्यांना खुलाशाचं पत्र धाडलं, की वर्ग म्हणजे श्रेणी. हे तर आगीतून फुफाट्यात झालं. वर्ग आणि श्रेणी एक नव्हेत, यावर चार जणांची मिळून बावीस पानं आली. पाठोपाठ सात सह्यांचं निवेदन आलं, की एका मूलभूत संकल्पनेला परीक्षेच्या निकालापुरतं आखडून टाकण्याचा हा प्रयत्न निषेधार्ह आहे. सातांपैकी दोघांनी सहीखाली हळूच आपला परीक्षेतला वर्गही लिहिला होता. (दोन्ही प्रथम. ज्यांना द्वितीय मिळाला त्यांचा निषेध जास्त तात्त्विक होता, असं माझं निरीक्षण आहे, पण माझाही द्वितीयच असल्यामुळे ते निरीक्षण किती निःपक्षपाती आहे याची मला शंका आहे.)

अखेर प्रमाणपत्रांच्या प्रती आल्या आणि मी त्यांची वर्गवारी (हा शब्दही मी आता दबकत वापरते) केली. ताई, मला खरंच वाटत होतं की या विषयाची कुठेतरी एक शाळा असेल, तिथे माणूस एका दाराने आत जात असेल आणि दुसऱ्या दाराने सिद्धान्तकार होऊन बाहेर पडत असेल. तसं काही नाही. चौदा अर्थशास्त्राचे, अकरा तत्त्वज्ञानाचे, नऊ साहित्याचे, सात इतिहासाचे, इथपर्यंत ठीक. उरलेल्यांत दोन वकील, एक हवामानशास्त्रज्ञ, एक दंतवैद्य, खाणीतली माती तपासणारे एक, ग्रंथपाल तीन, एक गुरांचे डॉक्टर, आणि असेच किरकोळ विषयांचे दहा. मूळ पदवी याच विषयात असलेला एकही नाही. सगळे दुसरं काहीतरी शिकायला निघाले होते आणि वाटेत कुठेतरी वळले. आणि जिथून आले तिथली सवय कुणाचीच सुटलेली नाही. हवामानशास्त्रज्ञांच्या लेखात संकट नेहमी 'घोंगावतं'. दंतवैद्य मुळाशी जायच्या आधी दुखतंय का, असं विचारतात. गुरांचे डॉक्टर (या गोष्टीत ते पुढे येतील) यांनी समाजाच्या चार अवस्थांवर ग्रंथ लिहिला आहे, आणि गाईच्या पोटाला चार कप्पे असतात हा निव्वळ योगायोग आहे असं ते प्रस्तावनेतच सांगतात, कोणी विचारलेलं नसताना.

आता मामाचं. तू तेव्हा वसतिगृहात होतीस, म्हणून तुला यातलं अर्धंच माहीत असेल. मामा छापखान्यात जुळारी होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिशाचे खिळे उलटे लावून लावून त्याने दुसऱ्यांची सिद्धान्ताची किती पुस्तकं जुळवली याची गणती नाही, आणि जुळवता जुळवता ती वाचली, तीही उजवीकडून डावीकडे. एकदा कागद शिल्लक होता आणि मालक गावाला गेला होता, तेव्हा त्याने स्वतःची चोवीस पानांची पुस्तिका काढली. हातात कागद-लेखणी न घेता थेट खिळ्यांतच लिहिली, म्हणून तिचं हस्तलिखित कुठेच नाही. त्या पुस्तिकेच्या सतराव्या पानावर एक वाक्य आहे: मजुरी ही भ्रमाची किंमत असते. या एका वाक्यावर आमच्या कोशातल्या एकसष्टांपैकी सत्तावीस जणांनी लिहिलं आहे. एका प्राध्यापकबाईंचा अख्खा प्रबंध त्याच्यावर आहे. त्यांच्या मते सोळाव्या पानापर्यंत मामा 'श्रम' हा शब्द वापरतो, सतराव्या पानावर 'भ्रम' येतो, आणि तिथून पुढे श्रम हा शब्दच नाहीसा होऊन सगळीकडे 'काम' येतं. हे एका विचाराने दुसऱ्या विचारात घेतलेलं वळण आहे. पूर्वार्धातला मामा आणि उत्तरार्धातला मामा असे त्यांनी दोन वेगळे मामा मानले आहेत. (अर्थात त्या मामा म्हणत नाहीत. पण चोवीस पानांत दोन झाले खरे.)

मामाचा फॉर्म सगळ्यांत आधी परत आला होता, सुवाच्य अक्षरात. पदवी: नाही. विषय: सगळे, चित्रकला सोडून. वर्ग: सातवा. वर्ष: ज्या वर्षी शाळेचं छप्पर बदललं ते. चार रकाने, चार खरी उत्तरं, एकसष्टांत एवढा सरळ फॉर्म दुसरा नव्हता. मी तो गठ्ठ्यात ठेवला आणि गठ्ठा समितीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकबाईंचा फोन (त्या समितीवरही आहेत). त्यांचा स्वर असा होता की मला वाटलं कोणीतरी गेलं. त्यांनी विचारलं, सातवा वर्ग असं त्यांनी खरोखरच स्वतःच्या हाताने लिहिलं आहे का. मी हो म्हटलं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की आजवर वर्ग दोन की तीन की फार तर पाच, यावर वाद झाले. सहाव्यापर्यंत कोणी पोचलं नव्हतं, आणि या माणसाने सहावा गृहीत धरून थेट सातव्याची मांडणी केली, तीही एका शब्दात. त्यांना यावर एक दिवसाचं चर्चासत्र घ्यायचं होतं. दुपारपर्यंत हवामानशास्त्रज्ञांना कळलं, संध्याकाळपर्यंत दोन्ही वकिलांना. एका वकिलांनी सहावा वर्ग म्हणजे आपणच असणार असा कयासही बांधला.

ताई, इथे मी गप्प बसायला हवं होतं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. मामाची नोंद एका पानावरून तीन पानांवर जाणार होती. पण मी चार दिवस जेवताना नुसती ताटाकडे बघत बसले, ह्यांनी शेवटी विचारलं की मीठ कमी झालं आहे का, आणि मग मी ठरवलं की सांगायचं. समितीची बैठक होती. संचालक, प्राध्यापकबाई, गुरांचे डॉक्टर, आणि पानांची मांडणी करणाऱ्या आमच्या बाई, एवढेच आम्ही. मी उभी राहिले (उभं राहायची गरज नव्हती, सगळे बसलेलेच होते) आणि सांगितलं की सातवा वर्ग म्हणजे सातवी. शाळेतली. ते सातवीपर्यंत शिकले.

प्राध्यापकबाईंनी हातातलं पेन टोपणात घातलं. एवढं साधं आहे ते, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला त्यांचं वाईट वाटलं. इथेही मी थांबू शकले असते. पण एकदा खरं बोलायला तोंड उघडलं की माझं तोंड लवकर मिटत नाही, आणि मी पुढे सांगितलं की अठ्ठेचाळीस क्रमांकाचे गृहस्थ माझे सख्खे मामा आहेत, हे समितीला माहीत असायला हवं.

संचालकांनी चष्मा काढला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही."

"मग आता का सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही म्हणूनच."

यावर ते टेबलाकडे बघत तळटिपेच्या आवाजात म्हणाले, "बाई, भिंतीवरचा नियम तुमचाच आहे. मी फक्त वाचून दाखवतोय." आणि त्यांनी तो खरोखरच वाचून दाखवला, स्वल्पविरामासकट. पदवी नाही, कागदपत्र नाही, वर पुन्हा सूची करणारीचं नातं. उद्या लोक म्हणतील, भाचीने मामाला आत घेतलं. दुसऱ्या कोणाची भाची असती तर मीच तसं म्हटलं असतं.

तेव्हा गुरांचे डॉक्टर बोलले. एरवी ते बैठकीत फारसं बोलत नाहीत, नखं साफ करत बसतात. ते म्हणाले, "माझी पदवी गुरांची. म्हणजे या पुस्तकात गुरांचा डॉक्टर चालतो, आणि ज्याने आपली सगळ्यांची पुस्तकं जुळवली तो चालत नाही?" संचालक म्हणाले, गुरांची असली तरी ती पदवी आहे. डॉक्टर म्हणाले, ती ज्यांनी दिली त्यांना विचारा, मी तिसऱ्या खेपेला पास झालो. यावर हशा पिकला असता, पण नियम अजून संचालकांच्या हातात होता.

वाट काढली ती मांडणीच्या बाईंनी, तीही सिद्धान्तासाठी नाही, कामासाठी. त्या म्हणाल्या की सत्तावीस नोंदींत 'पाहा : नोंद ४८' असं आहे. अठ्ठेचाळीस काढली तर एकोणपन्नास तिच्या जागी येईल, आणि एकोणपन्नास दंतवैद्य आहेत. सत्तावीस अभ्यासक आपल्या मूळ प्रेरणेसाठी दंतवैद्याकडे बोट दाखवतील. सगळे आकडे पुन्हा बदलायला त्यांना आठ दिवस लागतील आणि त्या सुटीवर जाणार आहेत, तिकिटं काढून झाली आहेत. मग त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, यात पदवी असा शब्दच कुठे आहे? शैक्षणिक पार्श्वभूमी म्हटलंय. सातवी ही पार्श्वभूमी नाही का?

संचालकांनी नियम पुन्हा वाचला. मीही वाचला. खरंच पदवी हा शब्द त्यात नव्हता. (माझ्या हातून राहिला होता. आयुष्यात प्रथमच मला माझ्या निष्काळजीपणाबद्दल बरं वाटलं.) तर ठरलं ते असं: सातवी ही पार्श्वभूमी धरायची, पण पडताळलेली हवी. शाळेचा कागद महिनाअखेरपर्यंत समितीने डोळ्यांनी पाहायचा. पाहिला तर नोंद राहील, नाही तर बाईंची सुटी गेली तरी चालेल, नोंद काढायची. माझ्यावर विसंबून चालणार नाही हे मी स्वतःच सुचवलं, म्हणून येत्या रविवारी सकाळी संचालक, प्राध्यापकबाई आणि गुरांचे डॉक्टर असे तिघे तुमच्याकडे येत आहेत.

आता एक गोष्ट जी मी त्या बैठकीत सांगितली नाही. एवढं सगळं ओकून टाकलं आणि हे गिळलं, म्हणून आठ दिवस मी आरशात बघताना कंगव्याकडे बघते. आठ-दहा वर्षांपूर्वी आमच्या दाराचं कुलूप दुरुस्त करता करता मामा मला सहज बोलून गेला होता, की त्या पुस्तिकेच्या वेळी सोळा पानं जुळवून छपाईसाठी बांधून ठेवली होती, 'श्र'चे सगळे खिळे त्यांत अडकले. सतराव्या पानावर एकही श्र उरला नाही. 'भ्र' होता, दिसायला जवळचा, लावून टाकला. वाचणारा समजून घेईल असं त्याला वाटलं. पुढे मात्र दर वेळी भ्र लावणं बरं दिसेना, म्हणून त्याने श्रमाच्या जागी 'काम' असा शब्द घालून वेळ मारून नेली. ताई, वळण म्हणतात ते हे. मजुरी ही श्रमाची किंमत असते, एवढंच त्याला म्हणायचं होतं, जे कोणीही म्हणेल. आणि त्याच्यावर एक प्रबंध, सत्तावीस अभ्यासक आणि दोन मामा उभे आहेत.

हे मी का सांगितलं नाही, याचा मी खूप विचार केला. मामाला वाचवायला? प्राध्यापकबाईंना वाचवायला? की या कोशात आपल्या घरचं एक नाव असावं, एवढ्याच हावेपोटी? तिन्ही कारणं खरी आहेत असं आढळलं, आणि क्रम लावायचं धाडस झालं नाही. मामा तर म्हणतो की त्याला या पुस्तकाचं काही नाही, छापा नाहीतर न छापा, त्याने हजारो नावं जुळवली, एक गेलं तर काय बिघडतं. मला ते खरं वाटत आलं आहे. मग धडपड कोणासाठी, तेही एकदा स्वतःला विचारायला हवं.

असो. भाचरांना आशीर्वाद, तुझ्या मुख्याध्यापकांना तू सांगशील ते. आवाजाला जप, गरम पाणी पी, आणि वर्गात ओरडू नकोस (शाळेतल्या वर्गात म्हणते आहे).

तुझी,
धाकटी

ता. क. १ : पत्राचा खरा मुद्दा हा. मामाचा शाळा सोडल्याचा दाखला शोध. त्याच्या खोलीतल्या माळ्यावर पत्र्याचा चौकोनी डबा आहे, त्यात चष्म्यांच्या तुटक्या काड्या, जुनी वीजबिलं आणि तुझ्या बारशाची यादी आहे, तिथेच असणार. शिडी शेजाऱ्यांकडून आण, खुर्चीवर चढू नकोस. तू रविवारच्या आत शोधून ठेवलास तर माझी झोप परत येईल. दाखल्यावर नापास असं असलं तरी चालेल. 'उत्तीर्ण' असाही शब्द नियमात नाही, मी तपासलं.

ता. क. २ : हे पत्र टेबलावर उघडं टाकू नकोस. मामाला उलटं धरलेलं पान सरळ पानापेक्षा लवकर वाचता येतं. आणि रविवारी ते तिघे श्र-भ्रचं विचारणारच. मामाला खोटं बोलायला सांग असं मी म्हणणार नाही, ते माझ्याच्याने होणार नाही. विचारलं तर त्याने खरं सांगावं. पण त्यांनी विचारायच्या आधी त्याने सांगू नये, एवढं तुला बघता आलं तर बघ. बोलण्यात कुलुपांचा विषय काढ, तो त्यात रमतो.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायच्या आधी राहवलं नाही म्हणून मामाला फोन केला. तू शाळेत असशील ही वेळ साधून केला, हेही कबूल करते. त्याला सगळं सांगितलं. श्र संपल्याचं त्याने लगेच मान्य केलं. मग म्हणाला, "पहिल्या खेपेला संपले होते. दुसऱ्या आवृत्तीला श्र पेटीभर होते. मी तो भ्र काढायला घेतला, वाक्य परत वाचलं, आणि राहू दिला." का, असं मी विचारलं. म्हणाला, "अगं, तीस वर्षं मजुरी घेत होतो. वाचल्यावर पटलं." प्राध्यापकबाईंना हे कसं सांगायचं याचा विचार मी रविवारनंतर करीन.

पुस्तकाचं त्याला काही नाही, हे त्याने पुन्हा सांगितलं. मग विचारलं, नाव कुठल्या टाइपात येतंय. मी म्हटलं, ठळक, चौदा पॉइंट. मग म्हणाला की दाखला माळ्यावर नाही. फॉर्म आला त्याच दिवशी तो त्याने काढून, इस्त्री करून, चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवला आहे, आणि कोणी मागेल म्हणून रोज जवळ बाळगतो आहे.

तेव्हा वरची विनंती रद्द समज. शिडी आणू नकोस, काही शोधू नकोस, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे दाखला मागू नकोस. मी 'ताईकडे दे' म्हणून बघितलं. तर म्हणतो, घरच्या माणसांनी पडताळलेलं चालत नाही, समितीलाच मागू दे.